उजेडाची वायर आणि मामांची चावी

पलूसची पाटी लावलेली एसटी साताऱ्याच्या स्टँडवर उभी दिसली, की हल्ली मी पेपर तोंडासमोर धरतो. पेपर नसला तर रुमाल. एकदा दोन्ही नव्हतं, तर शेजारी उभ्या असलेल्या बाईंच्या हातातली मेथीची जुडी मागून घेतली आणि गाडी हलेपर्यंत तिच्याआड उभा राहिलो. कारण त्या गाडीतून पलूसजवळच्या माझ्या सासुरवाडीचं कोणी ना कोणी उतरणारच आणि उतरल्या उतरल्या अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडणार, "ओ दाजी, टोपान काढलं का?"

हे टोपण काय ते सांगतो. सांगताना थोडं वाढवीन, त्याला इलाज नाही. मी फर्निचरच्या दुकानात विक्रेता आहे. बाभळीला सागवान म्हणण्यात माझी उमर गेली. आमच्या सोफ्यावर बसलेला माणूस आपणहून उठत नाही, उठवायला भावकी बोलवावी लागते, असं मी गिऱ्हाइकाला सांगतो आणि सांगता सांगता मलाही ते खरं वाटायला लागतं. पण ह्या गोष्टीतली लाज मात्र मी वाढवणार नाही. ती आहे तेवढीच पुष्कळ मोठी आहे.

माझे सासरे पलटणीतून निवृत्त झालेले. मी त्यांना मामा म्हणतो, घरात त्यांना आबा म्हणतात. तोफखान्यात होते, त्यामुळे डावा कान तोफेनं नेला. "डावा सरकारला दिला, उजवा घरच्यास्नी ठिवला," असं ते सांगत. उजवाही काही अगदी धारदार राहिलेला नव्हता, पण त्याबद्दल त्यांच्यासमोर बोलायची कुणाची छाती नव्हती.

मामांचा जीव त्यांच्या स्कूटरवर. गिअरची, जुनी, किक मारली की आधी खोकणार, मग थुंकणार आणि मग गल्लीतली सगळी कुत्री गोळा करून निघणार. रोज सकाळी गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पुढच्या हुकाला कापडी पिशवी आणि पलूसचा बाजार. भाजी हे निमित्त. तिथं चहाच्या टपरीवर त्यांच्यासारखे निवृत्त झालेले फौजी जमायचे आणि चहा थंड होईपर्यंत पाकिस्तानला दोनतीनदा हरवून उठायचे. मामी म्हणायच्या, "लगीन माझ्यासंगं लागलं, संसार स्कूटरसंगं केला."

तर माझ्या मेव्हण्यानं, म्हणजे मामांच्या थोरल्या मुलानं, घरात मोठा टीव्ही आणला, आणि त्याला जोडायला ॲम्प्लिफायर आणि दोन उभे स्पीकर. स्पीकर एवढे मोठे की त्यातल्या एकात बि‍ऱ्हाड राहिलं असतं. मामांना टीव्हीवर कुस्त्या बघायचं वेड. मैदानातली हलगी, निवेदकाचा आवाज, सगळं घुमलं पाहिजे. पण शेजारच्या घरात पिठाची गिरणी होती. ती सुरू झाली, किंवा विहिरीवरची मोटर चालू झाली, की स्पीकरमधून 'घूंऽऽऽ' असा आवाज निघायचा. कुस्ती ऐन रंगात आणि मध्येच घूंऽऽऽ. मामा म्हणायचे, "टीवीत भुंगा शिरलाय."

मेव्हण्यानं मला फोन केला. "दाजी, साताऱ्यात काय इलाज हाय का?"

साताऱ्यात इलाज नाही असं म्हणायचं माझ्या जिभेला वळणच नाही. मी पोवई नाक्यावरच्या एका दुकानात गेलो. तिथल्या माणसानं ऑप्टिकल केबल दाखवली. नेहमीच्या वायरीतून वीज जाते, आणि विजेबरोबर शेजारच्या गिरणीची गुरगुरही आत शिरते. ह्या वायरीत वीज नाहीच. टीव्ही एक लाल उजेड डोळे मिचकावल्यासारखा उघडझाप करतो, तो उजेड वायरीतून पलीकडं जातो आणि तिथं ॲम्प्लिफायर त्याचा पुन्हा आवाज करतो. उजेडाला गिरणी काय करणार? एवढंच त्यानं सांगितलं, आणि ते सगळं खरं होतं. वायर आणि ती माहिती घेऊन मी एसटीत बसलो, आणि कराड येईपर्यंत त्या माहितीत अवकाशयान शिरलं होतं, मलकापूर मागं पडेपर्यंत पाणबुडी.

गौरी-गणपतीचे दिवस होते. जेवणाला आलेले पाव्हणे, शेजारीपाजारी, गौरी बघायला आलेल्या बायका, घर भरलेलं. मी सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं. उजेडाची वायर बसवायची म्हणजे प्रेक्षक पाहिजेतच. जुनी वायर काढून टाकली. नव्या वायरीचं एक टोक टीव्हीच्या मागं टक करून बसलं. दुसरं टोक मी हातात वर धरलं. टोकावर लालभडक ठिपका पेटला.

"बगा," मी म्हणालो. "ह्यात आवाज हाय. दिसतोय न्हवं? आता कानानं ऐकायच्या आधी डोळ्यानं आवाज बघणारं हे जिल्ह्यातलं पयलं घर."

म्हाताऱ्या बायकांनी त्या ठिपक्याला हात जोडले. खोटं नाही सांगत. बरं, एकीनं जोडले.

दुसरं टोक ॲम्प्लिफायरमध्ये बसेना. अंगठ्यानं दाबलं, तळहातानं दाबलं, निम्मं आत, निम्मं बाहेर. मागं वाकून घामाघूम झालो. एवढ्या लोकांसमोर, एवढ्या भाषणानंतर, वायर बसत नाही असं कसं म्हणणार? मी चिकटपट्टी मागवली आणि ते टोक तसंच घट्ट चिकटवून टाकलं. आवाजाचं बटण आधी थोडं फिरवलं, मग आणखी, मग पार शेवटपर्यंत. आणि टीव्हीवर कुस्त्या लावल्या.

हलगी वाजली. निवेदक ओरडला. आणि घूंऽऽऽ नाही! मेव्हण्यानं शेजारी ओरडून गिरणी सुरू करायला लावली. गिरणी सुरू झाली. भुंगा नाही!

"वाऽ, दाजी!"

"लय भारी! आवाज कसा धुतल्यागत येतोय."

"उजेडाचा हाय न्हवं. सवच्छच असणार."

मी दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा. आणि तेवढ्यात मामा उठले. हळूहळू चालत एका स्पीकरजवळ गेले, त्याच्या जाळीवर हाताचा पंजा ठेवला. मग दुसऱ्या स्पीकरवर ठेवला. वाकून उजवा कान लावला.

"भुंगा गेला खरा," ते म्हणाले. "पर ह्या खोक्यातनं काय येत न्हाई. आवाज टीवीतनंच येतोय, पयल्यासारखा."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या क्षणी मी नुसतं मागं वाकून बघायचं होतं. पण गिऱ्हाईक 'हे सागवान नाही' म्हणालं की मी काय करतो? लाकूड बघत नाही. गिऱ्हाइकाला हसवतो.

मी म्हणालो, "मामा, आवाज आता उजेडाच्या वेगानं येतोय. तुमचं कान अजून यष्टीनं येत्यात."

हशा असा उठला की गौरीचे मुखवटे हलले असावेत. पाव्हणे मांड्या थोपटत होते, बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या, मेव्हणा डोळे पुसत होता. आयुष्यात एवढा मोठा हशा मी कधी मिळवला नव्हता. मामाही हसले, थोडे. मग जाऊन आपल्या खुर्चीवर बसले आणि उजव्या कानात करंगळी घालून दोनदा हलवली. तेही मी बघितलं होतं. बघितलं आणि हसत राहिलो.

ते वाक्य मी साताऱ्यात दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं. तिकडं गावात ते माझ्याशिवायच फिरायला लागलं. मामा चावडीवरून चालले की कोणीतरी विचारायचं, "आबा, कान आलं का? का यष्टी पंक्चर हाय?" आणि पंधरवडाही झाला नसेल, बायकोच्या फोनवरून कळलं की मेव्हण्यानं मामांच्या स्कूटरची चावी काढून घेतली.

"आता कारखानं सुरू हुतील," तो मामांना म्हणाला होता. "रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. आणि तुमास्नी दोन माणसाएवढ्या स्पीकरचा आवाज येत न्हाई, तर हॉर्न काय आयकू येणार? सगळ्या पाव्हण्यांनी बगितलंय."

मामांनी वाद घातला नाही म्हणे. खिशातून चावी काढून टीव्हीसमोर ठेवली. बायको एवढंच म्हणाली, "आवं, आबा आता दाढी करत न्हाईत."



खंडेनवमीला आम्ही दोघं गावी गेलो. आमच्याकडं त्या दिवशी घरातल्या प्रत्येक हत्याराची, यंत्राची पूजा. खुरपं, कोयता, विळी तर आहेच, पण शिलाई मशीन, मिक्सर, पाण्याची मोटर, सगळ्यांना अंघोळ, हळदीकुंकू, झेंडूची माळ. ज्याच्या जोरावर वर्षभर जगलो त्याचे एक दिवस पाय धरायचे. अंगणात स्कूटर धुऊन उभी केली होती. हँडलला माळ, पुढच्या दिव्यावर कुंकू. आणि तिच्याशेजारी खुर्ची टाकून मामा बसले होते. गालावर पांढरे खुंट, अंगात बनियन. मी पाया पडलो. "या पाव्हणं," म्हणाले, आणि पुन्हा स्कूटरकडं बघायला लागले. पूजा झालेली गाडी, पण तिला फिरवून आणणारा कोणी नाही. मेव्हणा मोटरसायकलवाला, त्याला ती किक जमत नव्हती.

आत मामी पूजा करत करत टीव्हीपर्यंत पोचल्या होत्या. टीव्हीवर कुस्त्या चालूच होत्या, आवाज तोच, टीव्हीतून येणारा. मामींनी ॲम्प्लिफायर ओल्या फडक्यानं पुसायला घेतला आणि माझी चिकटपट्टी ओलावली, सुटली. वायरीचं टोक त्यांच्या हातात आलं. लाल ठिपका पेटलेला. त्यांनी त्यालाही हळद लावायला बोट पुढं केलं आणि थांबल्या.

"जावईबापू, ह्याचं टोपान काढायचं ऱ्हायलंय का ओ?"

मी बघितलं. टोकावर एक बोटाच्या नखाएवढं, काचेसारखं पारदर्शक प्लॅस्टिकचं टोपण होतं. वायरीचं टोक खरचटू नये म्हणून कारखान्यातून घालून येतं ते. टीव्हीच्या बाजूचं बहुतेक पाकिटातच गळून पडलं असणार, आणि हे, दिसू नये इतकं स्वच्छ, इतके दिवस माझ्या चिकटपट्टीखाली बसलं होतं. त्याच्यामुळं टोक आत जात नव्हतं. स्पीकर मुके होते, म्हणून भुंगाही नव्हता. आणि घरातलं एकच माणूस ते बरोबर सांगत होतं.

मला हे सगळं एका क्षणात कळलं. आणि तरी माझं तोंड काय म्हणालं?

"मामी, ते टोपान न्हवं. उजेडाचं भिंग हाय ते."

मामींनी माझ्याकडं एकदा बघितलं. तेलाच्या बाटलीचं झाकण काढावं तसं ते नखानं उडवलं आणि टोक भोकात घातलं. टक. किती सहज गेलं.

बटण शेवटपर्यंत फिरवलेलं होतं. मीच फिरवलं होतं.

ते दोन स्पीकर असे गरजले की मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल वाढवतोय. हलगी नव्हे, आभाळ कोसळलं. भिंतीवरचं कॅलेंडर सरळ उभं राहिलं. ताटातलं कुंकू उडून मांजर सौभाग्यवती झालं. गोठ्यातली म्हैस दावं तोडून शेजारच्या गिरणीत पीठ व्हायला निघाली. निवेदकाचा आवाज चार गल्ल्या ओलांडून गेला, आणि माणसं 'कुठं मैदान हाय?' विचारत धावत आली. मेव्हण्यानं झडप घालून बटण खाली आणलं. खाली आणलं तेव्हा तो आवाज खोलीभर, गोल, मऊ असा पसरला. पंचाच्या शिट्टीमागं कोणीतरी 'बस, बस' म्हणत होतं तेही ऐकू यायला लागलं. गिरणी सुरू होती. भुंगा नव्हता. वायरीनं तिचं काम चोख केलं होतं.

दारात मामा उभे होते. ते आत आले, स्पीकरच्या जाळीवर पंजा ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला.

"आता आलं," म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "पाव्हणं, यष्टी आली बगा."

कोणी हसलं नाही. गौरीच्या दिवशी हसलेली निम्मी माणसं तिथंच होती, प्रत्येकानं आपापली नजर ठेवायला एकेक फरशी निवडली होती. मामींच्या हातात ते टोपण होतं. त्यांनी ते माझ्यासमोर, हळदीकुंकवाच्या ताटात ठेवलं. इतर हत्यारांच्या शेजारी.

मी मेव्हण्याला म्हणालो, "मामांची चावी द्या."

"दाजी, टोपणाचं खरं हाय," तो हळू म्हणाला, "पर कान कमी हाईत हेबी खोटं न्हाई. तुमी जबाबदारी घेता?"

मी आजवर एका स्टुलाच्या पायाची जबाबदारी घेतलेली नाही. "घेतो," म्हणालो. "मी मागं बसतो. हॉर्न आयकू येत्यात का ते आल्यावर सांगतो तुमाला."

मामांनी दाढी केली. एका बाजूनं थोडं कापलं, पण केली. पांढरा शर्ट घातला, हुकाला पिशवी अडकवली, आणि झेंडूच्या माळेसकट स्कूटर निघाली. पहिल्या किकला. मी मागं. रस्त्यावर मामा प्रत्येक हॉर्नची वर्दी ओरडून देत होते. "मागं यष्टी हाय, आयकलं का पाव्हणं? ही फटफटी. हा जीपवाला." मी प्रत्येक वेळी "व्हय मामा" म्हणत होतो. माझं तोंड वाऱ्यानं कमी आणि लाजेनं जास्त लाल झालं होतं. ओळखीचं माणूस दिसलं की ते गाडी हळू करायचे आणि मला दाखवायचे, "ह्यो आमचा जावई. टोपानवाला." एक बाई भांडी घासायची थांबून बघायला उठली.

पलूस जवळ आलं. बाजाराकडं उजवीकडं वळायचं होतं. मामांनी हँडल उजवीकडं झुकवायला सुरुवात केली, आणि मागून टेम्पोचा हॉर्न वाजला. लांबलचक. सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेला टेम्पो, जोरात येणारा. मी वर्दीची वाट बघितली. मामा काही बोलले नाहीत. हँडल वळतच होतं.

मी त्यांचा उजवा खांदा दाबला. जोरात.

स्कूटर सरळ झाली. टेम्पो अंगाला वारा लावत निघून गेला. पुढचे हॉर्न मामांनी सांगितले नाहीत. बाजारात गाडी एका बाजूला उभी केली, हँडलची माळ नीट केली, आणि टपरीकडं चालू लागले. तिथं त्यांनी फौज्यांना माझी गोष्ट सांगितली. माझ्याहून बरी सांगितली. त्यांच्या सांगण्यात म्हैस पलूसपर्यंत आली होती. टेम्पो मात्र त्यांच्या गोष्टीत नव्हता. मीही तो काढला नाही.

परतलो तेव्हा अंगणात सगळे उभे होते. मेव्हण्यानं मला बाजूला घेतलं नाही, सगळ्यांसमोरच विचारलं. "काय दाजी? आलं का सगळं आयकू आबांस्नी?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मला आजही माहीत नाही. खरं सांगितलं तर चावी जाणार, खोटं सांगितलं तर एखाद्या दिवशी दुसरा टेम्पो येणार. 

"चावी खुटीला लाव," मामा मध्येच म्हणाले. त्यांनी ती स्वतःच मुलाच्या हातात दिली. "मी घिऊन जात जाईन. पर हितनं पुढं बाजारला जाताना मागं एक माणूस बसलं पायजे."

"कशाला?"

"पिशवी धराय. स्कूटरचा हुक मोडलाय."

सगळ्यांनी स्कूटरकडं बघितलं. पुढच्या हुकाला भाजीची पिशवी लटकत होती. गच्च भरलेली, वर कोथिंबीर डोकावत होती. हुक चांगला दांडगा होता, अजून माझ्या वजनाचा जावई टांगला असता.

मेव्हण्यानं हुकाकडं बघितलं, मग मामांकडं, मग माझ्याकडं. मी मान खाली घातली.

"बरं," तो म्हणाला. "आई बसंल की मागं."

"मी न्हाई बाई," मामी म्हणाल्या, आणि लगेच आत जाऊन डोक्यावरचा पदर नीट करून आल्या.

मी पुढं होऊन हुकावरची पिशवी काढली आणि घरात नेली. कोणी सांगितलं नव्हतं. मला तेवढंच करण्यासारखं दिसलं.